गहू सोडला, तरी पोट का बिघडतं?

चांदूर बाजारातलं एक घर. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. घरात अकरा वर्षांची मुलगी. तीन वर्षं तिचं पोट फुगायचं, अंगात रक्त भरायचं नाही, आणि वर्गात ती सगळ्यात बुटकी. जंताच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, नजर उतरवून झाली. शेवटी अमरावतीला रक्त तपासलं, दुर्बीण झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं: सिलियाक आजार आहे, गहू आयुष्यभर बंद.

घरच्यांनी त्याच दिवशी बंद केला. पंधरा दिवस पोरगी खुशीत होती. तिसऱ्या आठवड्यात पोट दगडासारखं घट्ट झालं, तीन-तीन दिवस संडास नाही. त्यानंतर नात्यातल्या एका दावतीहून आली आणि रात्रभर जुलाब. दादी म्हणाली, "गेहूं छुड़ाया तो और बीमार पड़ी। खिलाओ रोटी।" अम्मीचंही मन डळमळलं. परत पोळी सुरू होणार, अशी वेळ आली होती.

ही गोष्ट एकाच घरची नाही. गहू सोडल्यावर पोटाचा त्रास उलट वाढला किंवा नवा सुरू झाला, अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात. त्यातले निम्मे पथ्य मोडायच्या बेतात असतात. म्हणून ही कारणं एकेक करून पाहू. बहुतेक कारणं आपल्या स्वयंपाकघरातच सापडतात आणि तिथंच दुरुस्तही होतात.

आधी आजार समजून घेऊ

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की जो ताण येतो, तो याच्यामुळे. सिलियाक असलेल्या माणसाचं शरीर या प्रथिनाला दुश्मन समजतं आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करतं. हे अस्तर मखमलीसारखं असतं, त्यावरच्या बारीक बारीक तंतूंतून अन्न रक्तात जातं. तंतू झिजले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग जुलाब, पोट फुगणं, रक्त कमी, हाडं कच्ची, मुलांची वाढ खुंटणं. काही जणांना पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच, फक्त गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही.

गव्हाचा हा संबंध लक्षात आणून दिला तो विलेम डिके या हॉलंडच्या बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 मध्ये, तिथं पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी मरत होते, पण हा आजार असलेली मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी हे आपल्या प्रबंधात मांडलं.

आपल्या देशात 2016 साली आलेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात दर शंभरात साधारण एकाला, तर दक्षिणेत हजारात एकाला हा आजार आढळला. आपण वऱ्हाडातले लोक मध्ये कुठंतरी. पण आपल्या आजोबांच्या ताटात रोज ज्वारीची भाकर होती, पोळी सणासुदीला. आता रेशनचा गहू आला, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि सकाळच्या टोस्टपासून रात्रीच्या पोळीपर्यंत गहूच गहू झाला.

तपासणीआधी गहू सोडू नका

हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त चूक होते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरोघरी गहू बंद होतो. दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जातात, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल येतो. टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची तपासणी असो की दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेणं असो, दोन्ही वेळी पोटात गहू जात असला तरच खरं उत्तर मिळतं. आधीच सोडला असेल तर तपासणीपूर्वी निदान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत, गहू खावा लागतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच खावा. रक्ताच्या तपासणीसोबत एकूण आयजीए सुद्धा करायला सांगा. काही लोकांत आयजीए मुळातच कमी असतं, त्यांचा टीटीजी रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

कागदावर निदान नसेल तर आयुष्यभराचं पथ्य टिकत नाही. घरात कोणीतरी म्हणतंच, "कुछ नहीं होता." तेव्हा दाखवायला रिपोर्ट लागतो.

संडास घट्ट का झाली

त्या मुलीच्या ताटात गव्हाऐवजी काय आलं, ते पाहिलं. सकाळी साबुदाणा, दुपारी पांढरा भात, मध्ये तांदळाच्या पिठाची बिस्किटं, रात्री भात-बटाटा. यातल्या एकाही गोष्टीत चोथा नाही. चोकर असलेल्या पिठाच्या दिवसाला चार-पाच पोळ्या खाणाऱ्या पोटाला रोजचा बराचसा चोथा त्या पोळ्यांतूनच मिळत होता. तो एका दिवसात बंद झाला. बाजारात 'ग्लुटेन फ्री' म्हणून महागडे पाव आणि बिस्किटं मिळतात, तीही बहुतेक मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तेल एवढ्यावरच उभी असतात. खिसाही रिकामा, पोटही अडलेलं.

दुसरं कारण औषधाच्या पुडीत होतं. निदान झालं की डॉक्टर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात, आणि त्या द्यायलाच पाहिजेत. पण दोन्हींमुळे संडास घट्ट होते आणि लोहामुळे काळीही होते. घरचे समजतात, हे ज्वारीमुळे झालं. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते मात्रा किंवा प्रकार बदलून देतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा तर नाहीच नाही. आपल्या तालुक्यात संत्र्याला तोटा नाही. जेवणासोबत एक संत्रं, पांढऱ्या धाग्यांसकट फोडी चावून खाल्लं, तर लोह अंगी लागायलाही मदत होते आणि चोथाही मिळतो. रस काढला की चोथा गाळणीतच राहतो.

ईसबगोलाचा भुसा ग्लुटेनचा नाही, तो चालतो. मोठ्या माणसानं एक चमचा भरपूर पाण्यासोबत घ्यावा. पाणी कमी पडलं तर तोच भुसा आत अडकून बसतो. लहान मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या.

भाकर सुरू केली आणि गॅस झाला

दुसरी टोकाची चूक अशी की साबुदाण्यावरून थेट तीन वेळा ज्वारीची भाकर, सोबत बेसनाचं धिरडं आणि चण्याची उसळ. ज्वारीत ग्लुटेन नाही, सिलियाकच्या माणसाला ती चालते आणि आपल्या मातीत ती पिकते, त्यामुळे आमचा पहिला सल्ला ज्वारीचाच असतो. पण पाण्यात शिजवलेल्या ज्वारीचं प्रथिन गव्हाच्या मानानं उशिरा पचतं. झिजलेल्या आतड्यावर एकदम भार टाकला की पोट ढोलासारखं वाजतं.

पहिले आठ-दहा दिवस दिवसाला एक पातळ भाकर, तीही गरम पाण्यात पीठ मळून केलेली, बाकी मऊ भात-वरण. मग हळूहळू वाढवा. जुन्या बायका आजारी माणसाला आंबील का द्यायच्या, ते इथं कळतं. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलं की तेच प्रथिन पचायला सोपं होतं. शिजवलेल्या मऊ कण्या सुद्धा चांगल्या. डाळी आणि चणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. सुरुवातीला तुरीपेक्षा मुगाची डाळ हलकी जाते. ज्वारी रुचत नसेल तर बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, राजगिरा, शिंगाडा यांतलं काहीही चालतं. ओट्स मात्र सुरुवातीला नकोच, कारण ते बहुतेक ठिकाणी गव्हासोबतच हाताळले जातात.

दुधानं जुलाब

दूध पचवणारा रस आतड्याच्या त्याच मखमली तंतूंच्या टोकावर तयार होतो. तंतू झिजलेले असतात तोवर दुधातली साखर पचत नाही, खाली जाऊन आंबते. मग गुडगुड, गॅस, पातळ संडास. गहू सोडला म्हणून ताकद यावी, या हेतूनं आई सकाळ-संध्याकाळ दुधाचा मोठा ग्लास देते, आणि त्रास गव्हाविनाही सुरू राहतो. दोन-तीन आठवडे दूध बंद करून पाहा. दही-ताक बहुतेकांना सोसतं. अस्तर भरून आलं की दूध पुन्हा पचू लागतं, काही महिने लागतात. त्या काळात कॅल्शियमसाठी दही, नाचणी आणि तीळ ठेवा.

लपलेला गहू: गिरणीपासून हिंगापर्यंत

आता खरं दुखणं. गहू सोडलेल्या घरात जुलाब आणि पोटदुखी परत परत येत असेल, तर दहातल्या बहुतेक वेळी आम्ही पहिला प्रश्न विचारतो: दळण कुठून आणता?

मोहल्ल्यातल्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. दगडांच्या फटीत, पट्ट्यावर, खाली लावलेल्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ असतंच. हिशेब करून पाहा. कणकेच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं ग्लुटेन असतं. म्हणजे अर्धा ग्रॅम कणकेत, जी नखावर मावेल, सुमारे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन. रोज एवढं पोटात गेलं तरी सिलियाकच्या रुग्णाचं आतडं खराब होऊ शकतं, हे अभ्यासात दिसलं आहे. रुग्णाची ज्वारी गव्हाच्या मागोमाग दळली तर तेवढं पीठ सहज येतं. त्या मुलीच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. पथ्य पाळत होते सगळे, आणि गहू रोज भाकरीतूनच जात होता.

जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. दोन-तीन नातेवाईक मिळून घेतली तरी चालते. तेवढं परवडत नसेल तर अडगळीतलं जातं धुऊन काढा. तेही नसेल तर चक्कीवाल्याला समजावून सांगा, सकाळी चक्की झाडून पहिलं दळण आपलं, आणि त्यातलंही पहिलं एक-दोन किलो पीठ घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळं ठेवा. हा तिसरा मार्ग पूर्ण खात्रीचा नाही. बाजारचं सुटं बेसन आणि तांदळाचं पीठही त्याच चक्कीतून आलेलं असू शकतं. डाळ-तांदूळ निवडून घरीच दळलेले बरे. निवडताना ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले नाहीत ना, तेही पाहा.

पीठ सुधारलं तरी परात, पोळपाट, लाटणं आणि चाळणी तीच असेल तर उपयोग नाही. चाळणी तर कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं, ती वेगळीच घ्या. तवा वेगळा ठेवता आला तर ठेवा, नाहीतर रुग्णाची भाकर आधी आणि पोळ्या नंतर.

हिंगाकडे कोणाचं लक्ष जात नाही. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. गहू किंवा मैदा लिहिलं असेल तर ठेवून द्या. सोया सॉस, तयार सूप, लेकरांच्या दुधातली माल्टची पावडर (माल्ट बहुतेक जवाचा असतो), सातूचं पीठ, बाहेरचे फरसाण, कुरकुरीत भजी, सगळ्यांची चौकशी करावी लागते. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर आपल्या देशाच्या नियमानुसार एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ज्या पाकिटावर ते शब्द नाहीत, तिथं घटकांची यादी आणि खालचा अ‍ॅलर्जीचा इशारा, दोन्ही वाचा.

आणि एक नाजूक गोष्ट. पोट बिघडलं की आपल्या घरांत तलबीना करून देतात. मोठ्या अदबीनं आणि मायेनं देतात. पण तलबीना जवाच्या पिठाचा असतो आणि जवात ग्लुटेन आहे. सिलियाकच्या रुग्णाला तो देऊ नये. त्याच्याऐवजी तांदळाची किंवा नाचणीची पातळ खीर, दूध सोसत नसेल तर पाण्यात शिजवून खजुराची गोडी घातलेली.

दावत, रमजान, ईद

आपल्याकडच्या लग्नाच्या जेवणात खरं तर रुग्णाला खाण्यासारखं पुष्कळ असतं. बिर्याणी, दालचा, जर्दा, साधं मटण, कोशिंबीर. अडचण असते ती नान आणि पोळी वाढणाऱ्या हाताची आणि एकाच पळीची. कढई दुसरी. ज्या तेलात समोसे तळले त्यातच कबाब तळले तर तो कबाब रुग्णाचा राहिला नाही. रश्शात दाटपणासाठी मैदा घातला का, हे बावर्चीला आधी विचारावं. विचारण्यात लाज कसली? साखरेचा रुग्ण विचारतोच ना. आमचा अनुभव असा की रुग्णाला सगळ्यात आधी, ताज्या भांड्यातून वाढलं आणि भाकर घरून नेली, तर कोणाला वाईट वाटत नाही.

हलीम आणि खिचडा गहू-जवाशिवाय होत नाहीत, ते नाहीच. शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्या, खजला-फेनी मैद्याची, गुलाबजाम आणि शाही तुकडाही गेले. तांदळाच्या शेवया मिळतात, त्यांचा शीरखुर्मा होतो. दूध पचत असेल तर तांदळाची फिरनी आहेच. ईदच्या दिवशी लेकराला वेगळी वाटी देण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांसाठीच तांदळाच्या शेवयांचा केला तर त्याच्या मनाला किती बरं वाटतं, ते करून पाहा.

रोज्यांबद्दल विचारतात. नुकतंच निदान झालेलं, जुलाब चालू, वजन घटलेलं, अशा माणसाला दीनानंच सवलत दिली आहे, तब्येत सुधारल्यावर कजा करता येते. किती दिवस थांबायचं हे डॉक्टरांना विचारा आणि मसला आपल्या आलिमांना. तब्येत स्थिर असलेले बरेच जण रोजे ठेवतात. सहरीत भाकर, अंडं, दही, केळं ठेवावं. इफ्तारला तळलेल्यावर तुटून पडलं तर गॅस होणार, त्याला सिलियाक असावाच लागतो असं नाही.

रिपोर्ट नॉर्मल, पण गहू सोडल्यावर बरं वाटतं

असेही लोक आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टन नावाची एक साखरेच्या जातीची गोष्ट असते. ती कोणालाच नीट पचत नाही, आतड्यात आंबते. ज्यांचं आतडं नाजूक आहे त्यांना त्यानं फुगारा येतो. नॉर्वेमधल्या एका अभ्यासात, जो 2018 मध्ये छापून आला, स्वतःला ग्लुटेनचा त्रास आहे असं मानणाऱ्या 59 जणांना न सांगता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टन, कधी दोन्ही नसलेलं खायला दिलं. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टननं. हेच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणात भरपूर असतं. म्हणजे गहू सोडला आणि कोरम्यात अर्धा किलो कांदा घातला, तर पोट कसं थांबेल? अशा माणसाला हिंगाच्या डबीचा धाक बाळगायची गरज नाही. कांदा-लसूण कमी करून पाहावं आणि फरक पडला तर तेवढंच पथ्य ठेवावं.

किती दिवस थांबायचं, कधी दाखवायचं

जुलाब आणि फुगारा काही आठवड्यांत उतरू लागतो. आतलं अस्तर भरायला वेळ लागतो, मुलांना काही महिने ते एक-दोन वर्षं, मोठ्यांना त्याहून जास्तही. म्हणून बरं वाटलं की 'आजार गेला' समजून पोळी सुरू करू नका. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा तपासतात. आकडा खाली येत नसेल तर कुठून तरी गहू जातोय, आधी दळण पाहा.

संडासमधून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटतच जाणं, पायावर सूज, सतत उलट्या, किंवा लेकरू सुस्तावून डोळे खोल जाणं, यांत घरगुती उपाय करत बसू नका. ओआरएस पाजत थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथून अचलपूर किंवा अमरावतीला पाठवतील. सगळं पथ्य नीट पाळून, दळण सुधारूनही सहा महिने-वर्ष त्रास राहिला, तर पोटाच्या तज्ज्ञांना दाखवावं. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात तो विभाग आहे. आतड्यात जंतूंची जास्त वाढ, स्वादुपिंडाचा रस कमी पडणं, थायरॉईड, अशी दुसरी कारणंही निघतात आणि त्यांवर औषध आहे.

त्या मुलीच्या घरी आता जातं निघालं आहे, कोपऱ्यात पडून होतं ते. दादीच दळते, कोणाला हात लावू देत नाही. पोट बसलं, संडास सुधारली, दूध अजून बंद आहे. सहा महिन्यांची तपासणी व्हायची आहे, आणि त्याच दिवशी तिच्या दोन्ही भावांचं आणि अम्मी-अब्बूंचंही रक्त द्यायचं ठरलं आहे. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, पोटाची काही तक्रार नसतानाही. त्यांनी तोवर पोळी सोडायची नाही, हे आम्ही दादीला दोनदा बजावलं.